अगेन सरांचं वाक्य

इंग्रजी शिकायला येणाऱ्या माणसांचे प्रश्न मला तोंडपाठ झाले आहेत. माणसं बदलतात, प्रश्न तेच. 'सिन्स' कुठे आणि 'फॉर' कुठे? 'आय ॲम हॅविंग फीव्हर' का चालत नाही, ताप तर आत्ता अंगात आहे ना? सूर्याला 'द' लावायचं आणि देवाला लावायचं नाही, हे कुणी ठरवलं? हा शेवटचा प्रश्न पार्लरवालीचा. मी म्हटलं, "बाई, मी ठरवलं नाही, एवढं नक्की." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत माझं डोकं पिकलेलं असतं.

माझा क्लास पंखे आणि मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर आहे. खाली मोटारींना नवी तार गुंडाळतात, तिच्या वार्निशचा जळका वास जिन्यातून वर येतो. तीन लांब बाकं, एक फळा, एक ट्यूबलाइट. तिला पेटायच्या आधी चारदा डोळे मिचकवायची सवय आहे. मी काही फार गोड बाई नाही, हे येणाऱ्यांना पहिल्याच दिवशी कळतं. तरी येतात, कारण मी शिकवते बरं.

आमच्याकडे एक नियम आहे. रोज प्रत्येकानं एक प्रश्न आणायचा, आणि तो स्वतःच्या दिवसातला पाहिजे. पुस्तकातून उतरवून आणलेला प्रश्न मी घेत नाही. स्कूलबसचा ड्रायव्हर आणतो ते शाळेतल्या मिसनी त्याला काय झापलं त्यातलं. पार्लरवाली आणते ते क्रीमच्या डब्यावरचं. स्वतःला टोचलेला प्रश्न माणूस विसरत नाही, असा माझा अनुभव.

या नियमापायीच पुढचं सगळं झालं. काकू नियम पाळणाऱ्या होत्या.

काकू म्हणजे साठी उलटलेल्या एक बाई. केस मागे घट्ट बांधलेले, मांडीवर कापडी पिशवी, आणि बसायच्या त्या दाराजवळच्या टोकाला, कधी उठून पळावं लागेल सांगता येत नाही अशा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "तुम्हाला कशासाठी शिकायचंय?"

"बोलायचं नाहीये मला," त्या म्हणाल्या. "नुसतं समजलं तरी पुष्कळ झालं."

"कुणाचं समजायचंय?"

"आमच्या ह्यांचं."

मग हळूहळू सांगितलं. नवऱ्याला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली, आणि बाजूबरोबर आपली भाषाही गेली. पाणी म्हणता येईना, बायकोला हाक मारता येईना. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, एक भाषा पुसली जाते, दुसरी राहते. ह्यांची इंग्रजी राहिली होती. दिवसभर खिडकीशी पडून इंग्रजीत बोलायचे. घरात ते दोघंच, आणि काकूंना त्यातलं ओ की ठो कळायचं नाही.

"जन्मभर शाळेत इंग्रजीच शिकवलं त्यांनी," काकू म्हणाल्या.

ड्रायव्हरनं मान वळवली. "कुठल्या शाळेत?"

काकूंनी शाळा सांगितली. आणि तो पन्नाशीचा, पोट सुटलेला माणूस बाकावरून ताडकन उभा राहिला. "अगेन सर?" तो म्हणाला. "तुम्ही अगेन सरांच्या घरच्या?"

आपण उभे आहोत हे त्याच्या मग लक्षात आलं. ओशाळून खाली बसला. पार्लरवाली फिदीफिदी हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. "हो," म्हणाल्या, "तसंच म्हणायची मुलं."

त्यांनी आणलेला पहिला प्रश्न असा होता: "रोज सकाळी डोळे उघडले की हे म्हणतात. मी ऐकून ऐकून पाठ केलंय." मग डोळे मिटून, एकेक शब्द हातातून सांडेल या धास्तीनं त्यांनी म्हटलं, "माय सन इज कमिंग टुमॉरो."

"छान ऐकलंय," मी म्हटलं. मी सहसा छान म्हणत नाही. "माझा मुलगा उद्या येतोय."

काकूंनी डोळे उघडले. कुणी त्यांच्या तोंडावर पाणी मारावं तसा चेहरा झाला. "माझा मुलगा?" म्हणाल्या. "उद्या?" आणि पिशवी घेऊन उठल्या. वर्ग अजून अर्धा राहिला होता. जिन्यावरून त्यांची चप्पल फटफट वाजत गेली.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा डोळे सुजलेले. "अजून एक म्हणतात," म्हणाल्या. "त्याच्यानंतर लगेच. माय सन इज नॉट कमिंग टुमॉरो."

"माझा मुलगा उद्या येत नाहीये."

"आणि मग, इज माय सन कमिंग टुमॉरो?"

"माझा मुलगा उद्या येतोय का?"

काकूंनी पदर तोंडाला लावला. सगळ्यांदेखत रडायला लागल्या. "वाट बघतायत हो," म्हणाल्या. "येतोय, नाही येत, येतोय का. दिवसभर हेच चाललंय त्यांचं. आणि मी मेली बाजूला बसून मऊ भात भरवतेय. मला वाटायचं, औषध मागत असतील."

पार्लरवालीही रडली. तिचं रडू तसं जवळच असतं. मी फळ्याकडे तोंड केलं. मला रडू आलं नव्हतं. होकारार्थी, नकारार्थी, प्रश्नार्थक. हे कुणी कुणाची वाट बघत बोलत नव्हतं. हा धडा होता. शाळेत इंग्रजी शिकवणारा मास्तर वर्गापुढे उभा राहून हेच म्हणतो, आणि वर्ग त्याच्यामागून म्हणतो.

वर्ग सुटल्यावर ड्रायव्हर मागे रेंगाळला. "मॅडम," म्हणाला, "ते वाक्य आम्हालाही होतं. तेच. शब्दही तेच."

"मला वाटलंच."

"सर एक वाक्य सांगायचे. मग 'निगेटिव्ह' म्हणायचे की आम्ही 'नॉट' घालून सांगायचं. 'क्वेश्चन' म्हणायचे की उलटवायचं. चुकलं की 'अगेन'. आणि हात पुढे." त्यानं हात पुढे धरून दाखवला, तळवा वर, बोटं जुळवलेली. "पट्टीच्या धारेनं मारायचे, सपाट बाजूनं नाही. आम्ही तरी चाळीस जण होतो, मॅडम. पाळी यायला वेळ लागायचा. त्यांचा मुलगा घरी एकटाच होता."

मी त्याला जा म्हटलं. उगाचच जोरात म्हटलं. त्याची काही चूक नव्हती.

मला खोटं पचत नाही. गोड खोटं तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी काकूंना मी लवकर बोलावून घेतलं आणि सरळ सांगून टाकलं. "काकू, तुम्हाला वाईट वाटेल, पण ऐका. सर मुलाची वाट बघत नाहीयेत. ते शिकवतायत. ही शिकवायची वाक्यं आहेत, ड्रायव्हरलाही हीच होती. मेंदूत तेवढंच शिल्लक राहिलंय."

काकूंनी शांतपणे ऐकलं. मला वाटलं होतं आकांत करतील. त्यांनी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला.

"मॅडम, पुस्तकात अशी किती वाक्यं असतात?"

"ढीगभर."

"मग ह्यांच्या तोंडी हेच का राहिलं? मांजर चटईवर बसलंय, हे का नाही राहिलं?"

"सवयीचं असेल. आवडतं वाक्य असेल."

"तेच म्हणतेय मी," काकू म्हणाल्या. "आवडतं असेल."

चिडून मी विचारलं, "मुलगा आहे कुठे पण? इतक्या आजारी बापाला बघायला कधी आला का?"

मुलगा दुसऱ्या शहरात लिफ्ट दुरुस्त करतो, त्यांनी सांगितलं. शाळेच्या शेवटच्या निकालात इंग्रजीत नापास झाला आणि त्याच दिवशी मामाकडे निघून गेला, तो आजतागायत. आईला फोन करतो. बाप घरात नसेल तेव्हाच करायचा. आता बाप कायमचा घरात, म्हणून काकू जिन्यात येऊन बोलतात. इंग्रजीचा शब्द तोंडातून काढत नाही. लिफ्टलाही 'पाळणा' म्हणतो, म्हणे.

"सर त्याला मारायचे?"

"रोज संध्याकाळी बाहेरच्या खोलीत धडा चालायचा. दार लावून."

"आणि तुम्ही?"

"मी स्वयंपाकघरात."

"ऐकू येत असेल ना?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "मी नळ सोडायचे," त्या म्हणाल्या. "भांडी असायचीच घासायला. नळ मोठा सोडला की काही ऐकू येत नाही."

खालच्या दुकानात कुणीतरी पंखा चालवून बघत होतं. तो घरघरला आणि बंद पडला. मग काकू म्हणाल्या, "त्याला एकदा बोलवायचंय. बाप मेल्यावर आला तर मी काय करू त्या येण्याचं? त्याला एकदा कानानं ऐकू दे, बाप त्याला मुलगा म्हणतो ते. समोर कधी म्हटलं नाही हो. गाढव म्हणायचे."

आता सांगा, हिला कुठल्या तोंडानं समजवायचं.

फोन त्यांनी वर्ग सुटल्यावर माझ्यासमोरच लावला. पार्लरवाली नि बाकीचे गेले होते. आधी चिमण, चिमण करत बराच वेळ बोलल्या. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला चिमण. मग फोन माझ्या हातात कोंबला. "तो माझं ऐकत नाही. तुम्ही सांगा. तुम्ही शिकलेल्या आहात."

"हॅलो," मी म्हटलं.

"बाई, नमस्कार." आवाज जाड, दमलेला. मागे कुठेतरी हातोडी वाजत होती. "आई म्हणते, बाबा रोज माझं नाव काढतात."

"नाव काढत नाहीत. एक वाक्य म्हणतात."

त्यानं विचारलं, "एकच म्हणतात का? का पुढे ते नकाराचं पण?"

"तेही म्हणतात."

"आणि मग प्रश्न करून?"

"हो."

तो हसला. तसलं हसणं मला पुन्हा ऐकायचं नाही. "आईला माहितीय?" त्यानं विचारलं.

"मी सांगितलं. त्यांना पटत नाही."

काकू माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या. एकीकडे त्या, एकीकडे फोनमध्ये तो, आणि मध्ये मी. मला दोघांचाही राग आला. हातोडी वाजायची थांबली. "नाही पटणार तिला," तो म्हणाला. "बरं, येतो म्हणावं. रविवारी. तिच्यासाठी येतोय, हे नका सांगू."

"येतोय," मी काकूंना म्हटलं. बाकीचं गिळलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, सोडेनात.

तो आठवडा काकूंनी वर्ग डोक्यावर घेतला. मुलगा आला की त्यांना स्वतःच्या तोंडानं सरांना सांगायचं होतं, इंग्रजीत, त्यांना कळेल असं. मी फळ्यावर लिहून दिलं, "युवर सन हॅज कम." काकूंची शंका तयार. "'युवर' म्हणजे तुमचा ना? नुसता त्यांचा कुठे आहे? माझाही आहे."

"मग 'अवर' म्हणा. आपला."

"अवर," काकूंनी म्हणून बघितलं. "आणि हे 'हॅज' कशाला? 'हॅज' म्हणजे 'जवळ आहे' ना? आला, एवढंच सांगायचंय."

"आला आणि अजून इथे आहे, गेला नाही, असं त्यात येतं."

"अगंबाई," काकू म्हणाल्या. "मग राहू दे. ते पाहिजेच."

ड्रायव्हरनं म्हणवून घेतलं, पार्लरवालीनं म्हणवून घेतलं. अवर सन हॅज कम. खालचा दुरुस्तीवाला एक दिवस वर येऊन विचारून गेला, कोण आलाय, कुणाचा मुलगा आलाय? सगळे हसले, काकू सगळ्यांत जास्त. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा बघितले.

"रविवारी तुम्ही यायचं हं," मला म्हणाल्या. "ते काय बोलतात ते चिमणला सांगायला. तो 'मला कळतं' म्हणेल, पण विसरला असणार सगळं."

मी जाणार नव्हते. सुट्टीच्या दिवशी मी माझ्या आईकडेही जात नाही. पण गेले.

घर पहिल्या मजल्यावर, दोन खोल्यांचं, लखलखीत. बाहेरच्या खोलीत खिडकीशी पलंग, शेजारी स्टुलावर नळी घातलेली पाण्याची बाटली, कोपऱ्यात संडासासाठीची भोकाची खुर्ची, तिच्यावर झाकलेला टॉवेल. फिनेलचा वास, आणि त्याच्याखालून आजारी माणसाचा. पलंगावर अगेन सर. अख्ख्या शाळेला चळाचळा कापायला लावणारा हा माणूस, मला वाटलं होतं केवढा असेल. उशीत रुतलेलं एवढंसं डोकं, तोंड एका बाजूला ओघळलेलं. उजवा हात उशीवर ठेवलेला, मेलेला. डावा चांगला होता, पण झटका आल्यापासून त्यांनी तोही हलवला नव्हता. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी रोज त्यात चेंडू द्यायची, चेंडू गळून पडायचा. मनच नाही त्यांचं, असं ती म्हणायची.

मुलगा माझ्या आधीच आलेला होता. रुंद खांद्यांचा, कानांवर पांढरं झालेला, नखांत मुरलेलं ग्रीस. पलंगाच्या पायथ्याशी बॅग खांद्याला तशीच ठेवून उभा. बापाकडे बघत नव्हता. भिंतीवर दाराशेजारी एक रिकामा खिळा होता, त्याच्याकडे बघत होता.

"टाकली रे ती पट्टी, केव्हाच टाकली," काकू घाईनं म्हणाल्या. "तू बस. मॅडम, बसा. थांबा, आधी मला सांगू दे."

त्यांनी पदर सारखा केला, सरांच्या कानाशी वाकल्या, आणि आठवडाभर घोकलेलं ते वाक्य स्वच्छ, एकही अक्षर न चुकता म्हटलं. "अवर सन हॅज कम."

सरांचे डोळे फिरले. छताकडून बायकोकडे आले. ओठ जुळायला वेळ लागला.

"अगेन," ते म्हणाले.

काकूंनी उजळून माझ्याकडे बघितलं. "पुन्हा म्हण म्हणतायत! ऐकलं त्यांनी!" आणि पुन्हा म्हटलं. अवर सन हॅज कम.

"अगेन."

तिसऱ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज जरा कापला. "अगेन," सर म्हणाले. चौथ्यांदा त्यांनी म्हटलंच नाही. मुलाकडे वळून म्हणाल्या, "बघ, पुन्हापुन्हा ऐकायचंय त्यांना, तू आलास ते. जवळ ये की रे. असा काय परक्यासारखा."

तो दोन पावलं पुढे आला. सरांना तो दिसला. ओळखलं का? मला विचाराल तर, मुलगा म्हणून नाही. पण समोर कुणीतरी उभं आहे, एवढं त्यांना कळलं. मान उशीवर ताठ झाली. आवाजसुद्धा बदलला, कुठून आला कोण जाणे, कोरडा, करकरीत.

"माय सन इज कमिंग टुमॉरो," सर म्हणाले. "निगेटिव्ह."

मुलाच्या खांद्यावरची बॅग खाली घसरली. हात आपोआप मागे गेले. टाचा जुळल्या. "माय सन इज नॉट कमिंग टुमॉरो," तो म्हणाला.

इंग्रजीचा शब्द तोंडातून न काढणारा माणूस. उच्चारात खोट नाही, अडखळणं नाही. माझ्या वर्गात असं एकालाही येत नाही.

"क्वेश्चन."

"इज माय सन कमिंग टुमॉरो?"

"पास्ट."

"माय सन केम येस्टरडे."

"बोलतायत!" काकू मला कुजबुजल्या. "दोघं बोलतायत, मॅडम. काय म्हणतायत? सांगा ना."

मी काय सांगणार होते? "उद्या येण्याचं चाललंय," मी म्हटलं.

एकामागून एक चाललं होतं. सर एक शब्द टाकायचे, मुलगा वाक्य फिरवून द्यायचा. त्याच्या कपाळावर घाम होता, ओठांवर घाम होता. मग सरांनी काहीतरी विचारलं आणि तो थांबला. येत नव्हतं म्हणून थांबला, की मुद्दाम, ते मला आजही ठरवता येत नाही. त्यानं बापाकडे सरळ बघितलं, आल्यापासून पहिल्यांदा, आणि आपल्या भाषेत म्हणाला, "बाबा, मी आलोय."

"अगेन," सर म्हणाले.

"मी आलोय, बाबा."

"अगेन." आणि चादरीवरचा डावा हात हलला. आधी बोटं, मग पंजा. तो चादरीवरून सरकत कडेला गेला, तिथे चाचपलं, उशीखाली चाचपलं, पुन्हा कडेला आला. काहीतरी शोधत होता.

"हात!" काकू ओरडल्याच. "मॅडम, हात हलवला! एवढ्या दिवसांत नाही हलवला! चिमण, तुझा हात मागतायत, दे रे हात, दे ना त्यांच्या हातात!"

मुलानं हात दिला. पण आपण देऊ तसा नाही. पलंगाच्या कडेशी पुढे धरला, तळवा वर, बोटं जुळवून. ड्रायव्हरनं दाखवला होता तसा. सरांच्या हाताला तो सापडला. हात उचलला गेला, थोडासा, आणि खाली पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला. जोर कसला, माशीसुद्धा मेली नसती. पण मुलाचे डोळे प्रत्येक वेळी मिटत होते.

"थोपटतायत," काकू म्हणाल्या. "बघ, कसे थोपटतायत." मग त्यांनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. नीट बघितलं. "मी चहा टाकते," म्हणाल्या आणि आत गेल्या.

आत नळ सुटला. मोठा.

तीन कपांना लागतं किती पाणी? नळ वाहत राहिला. इकडे सर 'अगेन' म्हणत होते, मुलगा 'मी आलोय' म्हणत होता, हात पडत होता, आणि आत पाणी धो धो वाजत होतं. मला बसवेना. मी उठले.

काकू मोरीच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. नळाखाली भांडं नव्हतं. पातेलं कोरडं, शेगडीवर, खाली जाळही नाही.

मी पुढे होऊन नळ बंद केला.

बाहेरचं सगळं ऐकू यायला लागलं. काकूंचा हात परत नळाकडे गेला. मी मनगट धरलं, घट्ट. माझ्यापेक्षा मोठी बाई, पण धरलं.

"ऐका," मी म्हटलं.

"सोडा हो मला."

"काकू, ऐका."

त्या ऐकू लागल्या. अगेन. मी आलोय. मग तो बारीक आवाज, कातडीवर कातडी पडल्याचा. काकू एकेका आवाजाला दचकत होत्या. पाण्याखाली राहिलेलं इतक्या वर्षांचं सगळं त्या उभ्या जागी ऐकत होत्या असं मला वाटलं. मी मनगट सोडलं तरी त्यांनी नळाला हात लावला नाही.

मग त्या बाहेर गेल्या. मी दारात थांबले. काकू पलंगाशी मुलाच्या बाजूला खाली बसल्या आणि त्याच्या तळव्यावर आपला हात ठेवला, तळवा वर करून, बोटं जुळवून. ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

"आई, काढ हात," मुलगा म्हणाला.

काकूंनी काढला नाही. सरांचा हात उचलला गेला आणि त्यांच्या हातावर पडला.

"अगेन," सर म्हणाले.